तीन गोळ्यांचं पाकीट

झालं असं, की मागच्या डिसेंबरात एका रात्री साडेनऊच्या सुमाराला मी आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे गेले. अंगात स्वेटर, कानाला स्कार्फ, नाक चोंदलेलं, घसा असा की गिळताना आतून कुणीतरी किसणी फिरवतंय, आणि दुसऱ्या दिवशी दहाला ऑफिसात ऑडिटवाले येणार. मालक आत हिशोब करत बसलेले, काउंटरला एक नवीन मुलगी, बावीस-तेवीसची असेल, पांढरा कोट तिच्या मापापेक्षा एक नंबर मोठा. मी म्हटलं, 'अझिथ्रो पाचशे दे गं, तीन गोळ्यांचं पाकीट.' ती म्हणाली, 'चिठ्ठी आहे का?' मी म्हटलं नाही, नेहमी घेते मी. तर ती जागची हलली नाही. 'कुणाला हवंय? किती दिवस झाले?' माझ्या मागे तीन माणसं उभी. मी सांगितलं, मलाच, चार दिवस झाले, नुसता सर्दी-खोकला आहे. 'ताप? धाप लागते का? घरात अजून कुणाला आहे?' आणि मी, जी एरवी रिक्षावाल्याशीसुद्धा आवाज चढवून बोलत नाही, ती मी म्हणाले,

'तुला काय करायचंय?'

मालकांनी आतूनच सांगितलं, 'दे गं, ताई आपल्या नेहमीच्या आहेत.' तिनं दिलं. तोंड वगैरे पाडलं नाही, पाकीट काचेवर ठेवलं, सुट्टे पैसे मोजून दिले आणि मागच्या माणसाकडे वळली. मी बाहेर येऊन गाडीला किल्ली लावली आणि तिथेच ते टोचायला लागलं. म्हणजे बोलणं तिनं खाल्लं होतं आणि टोचत मला होतं. तिनं वावगं काय विचारलं होतं? अँटिबायोटिकच्या त्या पाकिटावर लाल उभी रेघ असते ती काही नक्षी म्हणून नसते, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही म्हणून छापलेली असते, हे मला काय माहीत नव्हतं? पण नियम आपल्याला माहीत असणं वेगळं आणि तो कुणीतरी चार लोकांत आपल्याला दाखवणं वेगळं, त्यात दाखवणारी आपल्या पोराच्या वयाची.

आणि यातली खरी लाजिरवाणी गोष्ट अजून सांगितलीच नाहीये. मी पेनिसिलिनच्या कारखान्यातल्या माणसाची मुलगी आहे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधे 36 वर्षं होते. ते लांबलचक नाव आमच्याकडे कुणी घ्यायचं नाही, 'एचएत आहेत' म्हणायचं, जसे दुसऱ्यांचे वडील टेल्कोत किंवा बजाजमधे असायचे. त्यांच्या शर्टाला एक वास यायचा, आंबूस, ओल्या पोत्यासारखा. मक्याच्या पाण्यावर बुरशी वाढवायची आणि त्या बुरशीतून औषध काढायचं हे ते ताटावर बसून सांगायला लागले की आई म्हणायची, जेवताना नको. ते बाटल्या भरायच्या खात्यात होते, आत जाताना टोपी, मास्क, गाऊन, सगळं चढवून जायचं. 2020 मधे अख्खं जग मास्क कसा लावायचा ते शिकत होतं तेव्हा अण्णा टीव्हीसमोर बसून दोन महिने एकच कॉमेंटरी करत होते, 'नाक बाहेर आहे. याचंही नाक बाहेर आहे.' कारखाना 1954 साली उभा राहिला, युनिसेफ आणि डब्ल्यूएचओची मदत होती, 1955 पासून पेनिसिलिन निघायला लागलं, हे आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ. अण्णा त्यातून एक वजाबाकी करायचे. त्यांची मोठी बहीण, आक्का, 1948 साली वाईजवळच्या आमच्या गावी न्यूमोनियानं गेली, सात वर्षांची होती, अण्णा पाचचे. छातीवर जवसाचं गरम पोटीस बांधलेलं, खोलीत शेगडीचा धूर, आणि आक्काचं पोट लोहाराच्या भात्यासारखं चाललेलं, एवढंच त्यांना आठवतं. 'पंचावन्नातून अठ्ठेचाळीस गेले, राहिले सात,' असं म्हणायचे आणि पुढे काही बोलायचे नाहीत.

त्यामुळे आमच्या घरात अँटिबायोटिकला देव्हाऱ्यातल्या वस्तूचा मान. सर्दीला ते मागायचं नाही, डॉक्टरांनी दिलं तर 'कशासाठी' हे विचारायचं, आणि एकदा सुरू केलं तर सांगितलं तेवढं संपवायचं. कुठलीही गोळी घरात आली की अण्णा भिंग घेऊन पाकीट वाचणार, नाव, बॅच नंबर, तारीख, मग घेणार. म्हणूनच त्या रात्री मी ते पाकीट पर्समधून बाहेरच काढलं नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची बाई बाथरूममधे नळाच्या पाण्याबरोबर चोरून गोळी गिळत होती, शाळेतल्या पोरानं चोरून सिगरेट ओढावी तशी.

आजीचं, म्हणजे अण्णांच्या आईचं, खोकल्याचं शास्त्र वेगळंच होतं. कुणी एकदा जरी खोकलं की ती उठायची. तव्यावर ओवा भाजून फडक्यात बांधलेली पोटली, ती छातीला लावायच्या आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची, तो भाजका उग्र वास मला अजून स्वप्नात येतो. कपाळाला वेखंड, पाठीला मिठाचं गरम तेल, रात्री व्हिक्स, गालात खडीसाखर आणि ज्येष्ठमधाची काडी, दही-केळं बंद. परसातल्या अडुळशाची पानं उकळून कडूजहर काढा, तो नाक धरून प्यायचा. (त्या अडुळशाबद्दल एक गंमत बऱ्याच उशिरा कळली. खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ब्रोमहेक्सिन असं लिहिलेलं असतं ना, ते मुळात अडुळशातल्याच एका द्रव्यावरून बेतलेलं आहे. म्हणजे आजीचा काढाच लॅबमधे जाऊन, साखर घालून, बाटलीत बसून परत आला.) तिचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. वाफारा घेताना माझ्या आत्येभावाच्या मांडीवर उकळतं पातेलं लवंडलं होतं, त्याचा डाग अजून आहे, आणि खरं सांगायचं तर वाफेनं नाक घटकाभर मोकळं होतं, यापलीकडे फार काही होत नाही. तान्ह्या बाळाला मधाचं बोट चाटवायची तेही चूक, वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये, त्यातल्या जंतूंच्या बीजांचं विष बाळाला बाधू शकतं. मोठ्यांना मात्र झोपताना चमचाभर मधानं खोकल्याला जरा आराम पडतो, त्यात ती चुकली नव्हती. लहानपणी आम्ही तिच्या या धावपळीला हसायचो. आता वाटतं ते सगळं सर्दीसाठी नव्हतंच. प्रत्येक खोकल्यात तिला आक्का ऐकू येत असणार.

आमचे तेव्हाचे डॉक्टर पण काय द्यायचे, तर कंपाउंडरनं बनवलेलं गुलाबी मिक्श्चर, बाटलीला डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवलेली, आणि एक वाक्य, 'परवा परत दाखवायला आणा.' त्या मिक्श्चरमधे फारसा राम नसावा. पण परवा परत दाखवायला नेलं की ते बनियन वर करून छाती बघायचे, पाठीवर बोटं टकटक करायचे, नळी लावायचे, नळी बर्फासारखी गार. औषध बहुतेक ते परवाच होतं. आता परवा येईपर्यंत थांबायला वेळ कुणाला आहे, मलाच नव्हता, माझ्याकडे ऑडिट होतं.

आणि सर्दी म्हणजे नेमकं काय हे तरी आपण कुठं विचारतो. दोनशेच्या वर व्हायरस आहेत सर्दी करणारे, त्यातले निम्मे-अधिक रायनोव्हायरसच्या गोतावळ्यातले. त्यातल्या एकावरही अझिथ्रो चालत नाही, कारण ते औषध बॅक्टेरियाच्या आतलं प्रथिनं बनवायचं यंत्र बंद पाडतं आणि व्हायरसकडे ते यंत्र नसतंच, तो आपलंच वापरतो. म्हणजे ज्या घरात चूल नाही तिथलं सरपण पळवून नेण्यासारखं. आपण म्हणतो, कफ हिरवा झाला म्हणजे इन्फेक्शन वाढलं, आता स्ट्राँग काहीतरी हवं. तो हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, लढून मेलेल्या पेशींच्या एका एन्झाइमचा, आणि तो साध्या व्हायरल सर्दीतही येतो. सगळ्यात मोठी फसगत दिवसांची. लोकांना वाटतं खोकला आठवड्यात जावा. प्रत्यक्षात नाक चार-आठ दिवसांत मोकळं झालं तरी खोकला सरासरी 18 दिवस रेंगाळतो, ते मोजून बघितलेलं आहे. मग आठव्या-नवव्या दिवशी धीर सुटतो, मेडिकलमधून पाकीट येतं, तोवर आजार उताराला लागलेलाच असतो आणि तीन दिवसांत बरं वाटतं. कावळा बसला आणि फांदी मोडली. पुढच्या वर्षी पुन्हा कावळ्यालाच बोलवायचं. हे सगळं मला त्या रात्रीही माहीत होतं हो, हेच तर दुखणं आहे.

आपण पुणेकर तसे या बाबतीत मुरलेले. 2009 च्या ऑगस्टमधे स्वाइन फ्लू आला, देशातला पहिला बळी पुण्यात गेला, तेव्हा नायडू हॉस्पिटलबाहेरच्या त्या रांगा आठवतात? गळ्यात कापूर आणि वेलदोड्याची पुरचुंडी बांधलेली माणसं स्कूटरवरून जायची, माझ्या ऑफिसच्या बसमधे तर देवळात आल्यासारखा वास सुटायचा. तोच व्हायरस आता दर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात नेहमीचा फ्लू म्हणून गुपचूप येऊन जातो, आणि आपण म्हणतो 'व्हायरल चालू आहे.' मग 2020-21. तेव्हा घराघरात ऑक्सिमीटर आले, बोट घालायचं, आकडा बघायचा, फॅमिली ग्रुपवर टाकायचा, शहाण्णव, सत्त्याण्णव, ज्याच्या त्याच्या तोंडी. एवढं मोजायला शिकलो होतो आपण! आमचा ऑक्सिमीटर टीव्हीखालच्या ड्रॉवरमधे गेला तो गेलाच.

असो. तर ऑडिट पार पडलं. मी ती एकच गोळी घेतली, तिसऱ्या दिवशी नाक मोकळं झालं, तसंही झालंच असतं, आणि उरलेल्या दोन गोळ्यांचं पाकीट मी त्याच ड्रॉवरमधे कोपऱ्यात सारलं. आमच्या घरात सर्दीचा प्रवास मुलापासून सुरू झाला होता, तो कॉलेजच्या गॅदरिंगमधून घेऊन आला, त्यानं मला दिली, आणि मी कोणाला दिली ते पाच-सहा दिवसांनी कळलं. अण्णा खोकायला लागले. कोरडा, छोटा, तोंडातल्या तोंडात खोकला. ताप मोजला, नव्हता. जेवण कमी केलं, भाकरी नको म्हणाले, भात कालवून दिला तो अर्धा ठेवला. त्यांना काहीतरी द्यायला हवं असं मला वाटत राहिलं, आणि हात आपोआप त्या ड्रॉवरकडे गेला. पाकिटासकट दिली असती तर त्यांनी भिंग मागितलं असतं. म्हणून मी गोळी आधीच काढून तळहातावर घेऊन गेले, आणि वेळ अशी निवडली की चष्मा आतल्या खोलीत राहिला होता. 'काय आहे गं?' 'ताकदीची आहे, अण्णा.' त्यांनी ती बोटांत धरून उलटसुलट फिरवली, खिडकीच्या उजेडाकडे केली, मग माझ्याकडे बघितलं आणि घेतली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी कणीक मळत होते तर बाहेरून म्हणाले, 'भोंगा झाला का गं?'

मला हसू आलं. रिटायर होऊन तेवीस वर्षं झाली होती त्यांना. मी म्हटलं, 'हो झाला, या आता घरी,' आणि पोळ्या लाटायला लागले. मुलालाही सांगितलं, बघ आजोबा एचएत पोचले. हे हसणं मला अजून माफ करता येत नाही. म्हातारपणी न्यूमोनिया झाला की ताप यायलाच हवा असं काही नसतं, खोकलाही जेमतेम असतो, माणूस नुसता गप्प होतो, जेवत नाही, पडतो, नाहीतर असं काहीतरी भलतंच बोलायला लागतो. मेंदूला हवा कमी पडत असते. हे नंतर कळलं. तेव्हा मला थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव दिसत होतं आणि मी निर्धास्त.

रात्री दीडला पाणी प्यायला उठले. त्यांच्या खोलीत झिरोचा दिवा होता, अंगावर आईची जुनी शाल. ती शाल वर-खाली होत होती. झोपलेल्या माणसाची शाल होते तशी नाही, घाईघाईनं, जिना चढून आलेल्या माणसासारखी. मी दारात उभी राहिले आणि मेडिकलमधल्या त्या पोरीचा आवाज जसाच्या तसा कानात आला. धाप लागते का? घरात अजून कुणाला आहे? ड्रॉवर उघडून ऑक्सिमीटर काढला, तर आतले सेल फुटून पांढरं-हिरवं साचलेलं, मेलेला. मग मोबाईलवर मिनिट लावलं आणि शालीकडे बघत मोजायला सुरुवात केली. शाल वर गेली की एक. त्यांना हात लावला नाही, कारण आपल्याकडे कुणी बघतंय कळलं की माणूस श्वास बदलतो. वीसला मी मोबाईलकडे बघितलं, अजून पंचवीस सेकंद उरली होती. मोठ्या माणसाचे शांत पडलेले असताना बारा ते वीस. अण्णांचे चौतीस झाले. तिशीच्या पुढे गेलं की घरी थांबायचं नसतं.

हॉस्पिटलात ऑक्सिजन 88 भरला. एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ढग. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, डोळ्यांत झोप, पण घाई नाही. त्या लिहीत असतानाच म्हणाल्या, 'आधी कुठलं अँटिबायोटिक दिलंय का यांना?' मी म्हटलं, एक गोळी. कुठली ते सांगितलं. 'एकच?' 'एकच.' 'कुणी दिली?' मी गप्प राहिले, त्यांनी वर बघितलं, आणि काही न बोलता कागदावर नोंद केली. मला वाटलं रागावतील, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी सांगितलं ते एवढंच, की रक्त कल्चरला पाठवतोय, त्यातले जंतू वाढवून ओळखायला, पण आधी एखादा डोस पोटात गेला असेल तर त्यात जंतू उगवतीलच असं नाही, आणि हे औषध एका गोळीनंसुद्धा अंगात कमी-कमी होत बरेच दिवस राहतं, म्हणजे जंतू मरायला पुरेसं नाही, आणि जंतूंना औषधाची ओळख पटून ते त्याला दाद न द्यायला शिकायला मात्र भरपूर. मग सलाईनमधून दोन औषधं सुरू झाली. एक सेफ्ट्रियाक्सोन. दुसरं काय असेल ओळखा. तेच, अझिथ्रो, जे मी चार दिवसांच्या सर्दीसाठी भांडून आणलं होतं. इथं त्याचं खरं काम होतं.

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं, बाई विशीतली, मांडीवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ. नर्स आली, बाळाचं झबलं वर केलं, घड्याळ हातात धरून नुसती बघत राहिली, पोट आणि बरगड्यांकडे. बाई घाबरून म्हणाली, 'ताप नाहीये हो मॅडम.' नर्स म्हणाली, 'थांबा, ते नाही बघत मी.' मिनिटभर कुणी काही बोललं नाही. मग 'बावन्न' म्हणाली आणि बाळाला आत घेतलं. एवढुशा बाळाचे श्वास मिनिटाला पन्नासला टेकले की ते जोरात समजायचे, दोन महिन्यांच्या आतलं असेल तर साठ, वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल तर आकड्याचीही वाट बघायची नाही.

मला गडचिरोली आठवलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगांचं तिथलं काम मी कॉलेजात असताना वाचलं होतं. मुलं न्यूमोनियानं मरत होती, डॉक्टर लांब, एक्सरे तर सोडाच, आणि गावात होत्या त्या दाया, त्यांतल्या कितीजणींना पन्नासपर्यंत मोजताही यायचं नाही. तर त्यांच्यासाठी एक साधन केलं, एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचं. 58 गावांत हे केलं, 1990 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, शेजारच्या ज्या गावांत हे नव्हतं त्यांच्याशी ताडून बघितलं तर या गावांत न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू 54 टक्क्यांनी कमी. पुस्तकात वाचलं तेव्हा मला त्यात मण्यांचं कौतुक वाटलं होतं. त्या बाकावर बसून कळलं की मणी हे नंतरचं आहे, आधी ती दाई मिनिटभर त्या पोराच्या पोटाकडे बघत बसते, दुसरं काही न करता, तेच अवघड आहे. मी पाच दिवस अण्णांना काढा दिला, पाठ शेकली, व्हिक्स लावलं, खोटं बोलून गोळी दिली, पण एक मिनिट नुसतं बघितलं नव्हतं. आणि बघायची गरजच नसलेल्या माझ्या सर्दीसाठी मात्र रात्री साडेनऊला मेडिकल गाठलं होतं.

समोरच्या भिंतीवर पाटी होती, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. तिच्या बरोबर खाली एक माणूस मोबाईलवर रील बघत खोकत होता, छातीच्या तळातून. मी दोनदा त्याच्याकडे बघितलं. विचारावंसं वाटलं, किती दिवस झाले? मग वाटलं तो म्हणेल, तुम्हाला काय करायचंय.

नाही विचारलं.

अण्णा सहा दिवस हॉस्पिटलात होते. तिसऱ्या दिवशी भानावर आले आणि पहिला प्रश्न, सलाईनच्या बाटलीकडे बोट दाखवून, 'बॅच बघितलीस का?' तेव्हा मी जी रडले ते नर्सला कळेना काय झालं. कल्चरचा रिपोर्ट आला, त्यात काही उगवलं नव्हतं. माझ्या गोळीमुळे की तसंही नसतंच उगवलं, हे आता कुणीच सांगू शकत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की न्यूमोनियात बरेचदा नाहीच उगवत, कदाचित माझ्या समाधानासाठी म्हणाल्या असतील. ज्या माणसानं आयुष्यभर बुरशी आणि जंतूंना उगवताना बघितलं त्याच्या रक्तातनं काय आलं तर कोरा कागद. निघताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोकोकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूवरची, एकदा देऊन टाका, पासष्टच्या पुढे खरं तर आधीच द्यायला हवी होती. अण्णांचा प्रश्न, 'बनवतात कुठे?'

औषधं आणायला मी त्याच मेडिकलमधे गेले, चिठ्ठी घेऊन. तीच होती. तिनं कागद पूर्ण वाचला, वरचं निदानही वाचलं, वय वाचलं. 'आता कसे आहेत?' 'बरे आहेत.' एकेक पाकीट काढून त्यावर पेनानं सकाळ-रात्र लिहीत होती, अक्षर गोल, शाळकरी. मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते, त्या दिवशी मी जरा, माझं चुकलंच, वगैरे. ती म्हणाली, 'पिशवी देऊ?' मी म्हणाले, 'नको, आहे माझ्याकडे.' आणि आले. अजून राहिलंच आहे ते. आता ती दिसली की मी उगाचच काहीतरी घेते, परवा गरज नसताना कापूस घेतला.

जानेवारी उजाडला, अण्णा गॅलरीत उन्हाला बसायला लागले. खोकला होता थोडा, तो राहणारच होता अजून दोन-तीन आठवडे. एकदा मी चहा घेऊन आले तर टीव्हीखालचा ड्रॉवर उघडा. भिंग शोधायला उघडला असणार. अण्णा खुर्चीत, एका हातात भिंग, दुसऱ्या हातात ते पाकीट, दोन खड्डे रिकामे, एकात गोळी. लाल रेघ उन्हात चांगलीच लाल दिसत होती. नाव वाचलं, बॅच नंबर मोठ्यानं वाचला, तारीख वाचली.

'एक तू घेतलीस.'

मी हो म्हटलं.

'आणि दुसरी?'

मी कप स्टुलावर ठेवला. खाली कचऱ्याची गाडी आली होती, तिचं गाणं चालू होतं, ते संपेपर्यंत ते थांबले, मी पण थांबले. मग त्यांनी पाकीट उलटं करून स्टुलावर कपाशेजारी ठेवलं, भिंग खिशात घातलं आणि बशीत चहा ओतला. फुंकर मारताना त्यांना खोकला आला, बशी हलली, मी धरली. माझी नजर त्यांच्या स्वेटरच्या तिसऱ्या बटणावर गेली. एक. दोन. तीन.

'किती झाले?' अण्णांनी विचारलं.

'अठरा,' मी म्हटलं.